अंदाजपत्रकात बसेल एवढा खड्डा

आमच्या गल्लीतल्या खड्ड्याची तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला, तेव्हा मी त्याच खड्ड्यात होतो. म्हणजे अख्खा मी नव्हे. स्कूटरचं पुढचं चाक आणि माझा उजवा पाय. बाकीचा मी रस्त्यावर होतो आणि पिशवीतली वांगी नालीच्या दिशेनं निघाली होती. अशा वेळी खिशातला फोन वाजला की वाटतं, कुणीतरी विचारपूस करत असेल. पडल्या पडल्या वाचलं : 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया अभिप्राय नोंदवा.' खाली पाच तारे होते. किती पेटवायचे ते मी ठरवायचं होतं.

सोबत पुराव्यादाखल फोटो. फोटो भर पावसातला. खड्डा काठोकाठ पाण्यानं भरलेला, रस्त्याशी अगदी समतल, त्यात आमच्या गच्चीचं छान प्रतिबिंब. दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन कार्यालयात गेलो. टेबलामागचा पोरगा माझाच विद्यार्थी निघाला. मी उभी हयात गणित शिकवलं, त्यामुळे गावात कुठल्याही टेबलामागं माझा एखादा विद्यार्थी असतो आणि बहुतेक वेळा तो माझ्या हातून एकदा तरी नापास झालेला असतो.

"सर, खड्डा भरून द्या अशी तुमची विनंती होती. भरलेला दिसून रायला ना?"

"अरे, पाण्यानं भरलाय!"

"कायनं भरायचा, ते तुम्ही तक्रारीत लिवलंच नाई."

उत्तर अपूर्ण लिहिलं की मी गुण कापायचो. तो ते विसरला नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यात 10 नगर परिषदा आहेत : यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, नेर, घाटंजी आणि पांढरकवडा. आमचं गाव त्यांतलंच एक. कुठलं, ते सांगत नाही. एक तर मला अजून त्याच गल्लीत राहायचं आहे. दुसरं म्हणजे, हा लेख वाचून दहाही गावांतून 'सर, आमच्याबद्दलच लिहिलं ना?' असे फोन यावेत अशी माझी फार इच्छा आहे.

आमचा रस्ता मार्चअखेरचा. फेब्रुवारीपर्यंत या रस्त्याची आठवण कुणालाच नसते. मार्चचा तिसरा आठवडा लागला की निधी परत जाण्याचं भय वाटू लागतं आणि रात्री अकराला हॅलोजन लावून टिप्पर येऊन उभे राहतात. आम्ही झोपेत असताना रस्ता झाला. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापर्यंत डांबर. बायकोनं आदल्या दिवशी काढलेली रांगोळी त्याखाली गेली होती आणि शेजारच्या काकांची डाव्या पायाची चप्पलही. काका महिनाभर घरातल्यांवर संशय घेत होते. जुलैत दोन पाऊस बरे झाले आणि चप्पल वर आली. आधी अंगठा दिसला, मग टाच. काकांनी ती ओळखली, पण तोवर उजवी फेकून झाली होती.

चप्पल वर येण्याआधीही रस्त्यानं बरंच काही सोसलं. नवा रस्ता झाल्याची बातमी सगळ्यात आधी पाणीवाल्यांना कळते. एप्रिलमध्ये ते आले आणि मधोमध सरळ चर खणून गेले. त्यांनी बुजवलेल्या चराशेजारून मे महिन्यात केबलवाले गेले. त्यांना पाणीवाल्यांच्या चरापासून हातभर अंतर सोडायचं होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे सोडलं. मी दोघांनाही विचारलं, "रस्ता व्हायच्या आधी का नाही आलात?" पाणीवाले म्हणाले, "आमची वर्क ऑर्डर एप्रिलची आहे." केबलवाले म्हणाले, "आधी आलो असतो तर रस्ता कुठं होता खोदायला?"

यवतमाळ शहराला यातलं दुखणं अधिक ठाऊक. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली आणि शहराच्या तोंडचं पाणी खरोखरच पळालं. बेंबळा प्रकल्पाचं पाणी शहरात आणायचं म्हणून जलवाहिन्या टाकायला गल्लोगल्ली रस्ते खोदले गेले. पाण्यासाठी खोदू नका, असं म्हणायची छाती कुणाची? नळाला पाणी आणि पायाखाली रस्ता, दोन्ही एकदम मागणारा माणूस आमच्याकडं हावरट ठरतो.

दोष दायित्व कालावधी म्हणून एक प्रकार कंत्राटात असतो. या मुदतीत रस्ता खराब झाला तर कंत्राटदारानं तो पदरमोड करून दुरुस्त करायचा. अट फार सुंदर आहे. पण मुदत असताना दुसऱ्या कुणी रस्ता खोदला की कंत्राटदार मोकळा होतो. त्यामुळे केबलवाले गल्लीत शिरताना दिसले की आमचा कंत्राटदार त्यांना स्वतः चहा पाजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चहाचे पैसे मात्र त्यानं टपरीवर उधारीत लिहिले.

यातून रस्ता वाचलाच, तर नवरात्र आहे. यवतमाळ जिल्ह्याचा दुर्गोत्सव म्हणजे काय थाट! मंडप मोठे, देखावे मोठे, त्यामुळे बल्ल्याही मोठ्या, आणि बल्ली म्हटली की खड्डा आलाच. पहारीनं नवं डांबर फोडायचा मान गल्लीतल्या सगळ्यात उत्साही कार्यकर्त्याला मिळतो. हाच कार्यकर्ता दसऱ्यानंतर 'गल्लीतील खड्ड्यांकडे प्रशासनाचे दुर्लक्ष' या निवेदनावर पहिली सही करतो.

मी जमिनीबद्दलही तक्रार केली होती. म्हणजे तक्रार खड्ड्याचीच, पण उत्तर जमिनीबद्दल आलं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर भेगा पडतात. वर रस्ता कितीही ताठ उभा केला तरी खालची जमीन वर्षातून दोनदा कूस बदलते. म्हणून आधी ती माती काढून मुरूम भरावा लागतो, पाण्याला वाट द्यावी लागते, मग गिट्टी, मग डांबर. हे शाखा अभियंत्यांनी मला फार तळमळीनं समजावलं.

"मग तसं केलं का?"

"सर, ही जमीन मुळात रस्त्याची नाहीच. कपाशीची आहे."

माझा चुलतभाऊ कोरडवाहू शेतकरी. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कपाशीलेबी परवडत नाई मनावं. रस्ताच करा."

तर खड्ड्याचा अर्ज. प्रथम मला विचारण्यात आलं की खड्डा नेमका कुणाचा. आमची गल्ली तशी चारशे पावलांची, पण ती तीन निधींतून झालेली आहे. चौकापासून पिंपळापर्यंत नगरोत्थान, पिंपळापासून विजेच्या डीपीपर्यंत आमदार निधी आणि पुढं नालीपर्यंत वित्त आयोग. तिन्ही तुकड्यांच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटचे तीन फलक आहेत. त्यांवर भूमिपूजक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती आणि विशेष उपस्थिती यांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत. फलकाला सिमेंटचा भक्कम चौथरा आहे. चौथऱ्याला आजतागायत एक तडा गेलेला नाही. मी अभियंत्यांना सुचवलं होतं की रस्ताही त्याच मिस्त्रीकडून करून घ्यावा. ते म्हणाले, "चौथऱ्याचा दर वेगळा असतो."

आमचा खड्डा नेमका आमदार निधी आणि वित्त आयोग यांच्या शिवेवर. पुढचं चाक एका योजनेत पडतं आणि मागचं दुसऱ्या.

तेव्हा मी कायदा काढला. निवृत्त माणसाचं हे एक असतं. त्याच्याकडं वेळ असतो आणि गावात झेरॉक्सची दुकानं असतात. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965. यात नगर परिषदेची आवश्यक कर्तव्यं सांगितली आहेत. दिवाबत्ती करणं, रस्ते झाडणं, रस्ते बांधणं आणि सुस्थितीत ठेवणं, इतकंच काय, रस्त्यांवर पाणी मारणंसुद्धा. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. टेबलामागचा पोरगा शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, पाणी मारनं तर चालूच आहे. तुमच्या गल्लीत पाइप फुटून रायला, तवापासून चोवीस तास मारून रायले."

हार न मानता मी म्हटलं, "खड्डा बुजवायची एक रीत असते. इंडियन रोड्स काँग्रेसचं पुस्तक आहे त्यावर."

त्यानं घाबरून दाराकडं पाहिलं. "सर, हळू. आचारसंहिता लागू आहे. पक्षाचं नाव नका घेऊ."

वास्तविक ही काँग्रेस म्हणजे देशभरातल्या रस्ते अभियंत्यांची संस्था. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीच्या शिफारशींतून ती 1934 साली उभी राहिली. म्हणजे या देशात खड्डा कसा बुजवावा याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, हे आपण कुठं सांगत नाही. पुस्तक म्हणतं : खड्ड्याच्या कडा तुटक्या ठेवू नका, चौकोनी कापा, भिंती उभ्या तासा, आतली माती-चुरा झाडून काढा, गरम डांबराचा हात मारा, मिश्रण थराथरानं भरा आणि प्रत्येक थर दाबा. वाचताना मला भरून आलं. इतक्या मायेनं तर आमच्याकडं दातही भरत नाहीत.

यथावकाश शाखा अभियंते मोजमापाला आले. तरुण होते, बूट कोरे होते, हातात टेप होता. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. "सर, जरा धरता का?" मी खड्ड्याच्या ईशान्येला उकिडवा बसलो. लांबी 90 सेंटिमीटर, रुंदी 60, खोली 10. मी तोंडी गुणाकार करून सांगितलं, "शून्य पूर्णांक शून्य पाच चार घनमीटर."

त्यांचा चेहरा उतरला. "फार लहान आहे, सर. एवढ्याची निविदा निघत नाही. प्रभागातले आणखी खड्डे गोळा करून एक काम करावं लागेल."

"आणखी खड्डे आहेत की."

"ते माझ्या तुकड्यात नाहीत."

तरी ते भले होते. त्यांनी इकडून तिकडून खड्डे जमवले, अंदाजपत्रक केलं. मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग ई-निविदा. पहिल्या वेळी एकच निविदा आली म्हणून मुदतवाढ. मग दर जास्त म्हणून वाटाघाट. मग कार्यारंभ आदेश. कागद आपल्या चालीनं चालला होता, पण खड्डा कुणाच्या मान्यतेसाठी थांबला नाही. आषाढात त्यानं दोन्ही निधींची शीव ओलांडली. पोळ्यापर्यंत शाळेची बस त्यात एका बाजूनं झुकू लागली. दसऱ्याला मी हौसेनं टेप लावला, तर लांबी 2.1 मीटर आणि रुंदी दीड मीटर!

आणि एके सकाळी टेम्पो आला. त्यात डांबरमिश्रित गिट्टीचा ढीग, दोन फावडी, एक खराटा, बुडाशी भोकं पाडलेला तेलाचा डबा आणि मुकादम. मुकादमही माझाच विद्यार्थी, आठवी ब. त्यानं खिशातून कागद काढला, खडू काढला आणि त्या जवळजवळ सात फुटी खड्ड्याच्या बरोबर मधोमध 90 बाय 60 चा एक सुबक आयत आखला. चारही कोन काटकोन. मजुरांनी तेवढाच आयत भरला, डब्यातून डांबराची धार सोडली, फावड्याच्या पाठीनं चापट मारली आणि सामान टेम्पोत चढवू लागले.

"अरे, हे काय? बाकीचा?"

"सर, अंदाजपत्रकात एवढाच हाय."

"पण खड्डा तर मोठा झालाय!"

"त्याले आमी काय करावं? मोजमापाच्या वहीत 90 बाय 60 लिवलं हाय. जास्त भरला त ऑडिटवाले धरतेत, मंजुरीबाहेर काम काहून केलं म्हनून." मग जरा दुखावल्या आवाजात, "आयताचं क्षेत्रफळ तुमीच शिकवलं ना सर? लांबी गुणिले रुंदी. आयत वाढत गेला तर काय करायचं, ते तुमी घेतलंच नव्हतं."

खरं होतं. अभ्यासक्रमात नव्हतं.

"आणि रोलर?"

"गाड्या जातेत ना वरून. दबते आपोआप."

तेव्हापासून आमच्या खड्ड्याच्या मध्यभागी एक उंच डांबरी बेट आहे आणि त्याभोवती गोल फिरता येईल असा खंदक आहे. क्षेत्रफळानं साधारण सहावा हिस्सा बुजला, पण फोटो जवळून काढला तर पूर्ण बुजलेला दिसतो. तो तसाच काढला गेला. पूर्वी स्कूटर एकदा आपटायची. आता खाली, वर आणि पुन्हा खाली अशी तीनदा आपटते. माझ्या मणक्याच्या डॉक्टरांनी, आणि तेही विद्यार्थीच, रस्त्याचं नाव विचारून घेतलं आणि 'बरं बरं' म्हणून पुढची तारीख दिली.

मुकादमावर राग धरण्यात अर्थ नव्हता, त्याची अडचण मुळातली होती. जॉन मॅकॲडम नावाचा स्कॉटिश गृहस्थ दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. बारीक फोडलेल्या दगडांचे थर देऊन रस्ता करायची रीत त्यानं रूढ केली. दगड जास्त मोठा नको यावर त्याचा कटाक्ष असे, आणि गोष्ट अशी सांगतात की दगड बरोबर आहे की नाही हे मजुरानं तो तोंडात बसतो का यावरून ओळखायचं. आमच्याकडं ही चाचणी घेणंच अशक्य. मुकादमाच्या तोंडात खर्रा असतो. गिट्टीला जागा कुठं? सकाळी साइटवर येताना आधी खर्रा घोटायचा, मग डांबर. माझं निरीक्षण असं की खर्रा जास्त मन लावून घोटला जातो.

एवढं रामायण रस्त्याचं असेल तर फूटपाथनं चालावं, असं कुणी म्हणेल. आम्हीही म्हणालो होतो. मुख्य रस्त्याला आमच्याकडं रीतसर फूटपाथ आहे आणि त्यावर लाल-पिवळे गट्टू आहेत. रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात लिहिलंय की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी वाट असावी आणि कडेचा दगड 15 सेंटिमीटरहून उंच नसावा. आमचा फूटपाथ इतका उंच की त्यावर चढलेल्या माणसाला लोक खालून विचारतात, "भाषण आहे का?" चढल्यावर दहा पावलांवर डीपी. डीपीला वळसा घालावा तर पानठेला. पानठेल्यामागून निघालात तर कापड दुकानाचे पुतळे, नवीन साड्या नेसून, रांगेत उभे. पुढं ज्याच्या त्याच्या घराचे रॅम्प.

गट्टूंचं तर वेगळंच शास्त्र आहे. खाली वाळू नीट न दाबता बसवलेला गट्टू पावसाळ्यात पोटात पाणी धरून बसतो. वरून तो अगदी निष्पाप दिसतो. तुम्ही एका कोपऱ्यावर पाय दिला की दुसऱ्या कोपऱ्यातून गढूळ पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत येते. बँकेसमोरचा तिसरा लाल गट्टू या बाबतीत जिल्ह्यात कुणाला ऐकणार नाही. जाणते लोक त्याला टाळून जातात आणि समोरच्या टपरीवर बसलेले लोक अजाणत्यांची वाट पाहतात. काही गट्टू हळूहळू दिसेनासे होतात. ते कुठं जातात याचा शोध घ्यायचा असेल तर संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी गावात फिरावं. निम्म्या तुळशीवृंदावनांभोवती लाल-पिवळी नक्षी दिसते.

वर्षातून एकदा अतिक्रमण हटाव मोहीम निघते. आदल्या दिवशी भोंग्यावरून पुकारा होतो. दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो तेव्हा पुतळे साड्यांसह आत गेलेले असतात, ठेले बाजूच्या बोळात उभे असतात आणि फूटपाथ अखेर दृष्टीस पडतो. या वर्षी लोक सहकुटुंब बघायला आले होते. एका लहान मुलानं वडिलांना विचारलं, "बाबा, हे नवीन केलं का?" संध्याकाळी जेसीबी गेला आणि साडेसातला पाणीपुरी सुरू झाली. गर्दी रोजच्यापेक्षा जास्त होती, कारण सगळे आधीच फिरायला बाहेर पडलेले होते.

आमच्या खड्ड्यावर आंदोलनही झालं. विदर्भात खड्ड्याचा निषेध करायचा तर त्यात बेशरमाची झाडं लावतात. युवा नेते आले, दोन कॅमेरे आले, बेटाभोवतीच्या खंदकात बेशरमाच्या सहा-सात फांद्या खोचल्या गेल्या, घोषणा झाल्या आणि सगळे चहाला गेले. पण बेशरम ते! पाइप फुटलेलाच होता, माती काळी होती, वर शाळेच्या बसचा ड्रायव्हरही आता लांबून जाऊ लागला. महिन्याभरात फांद्या कमरेएवढ्या वाढल्या आणि त्यांना फिकट जांभळी फुलं आली. मी काढून टाका म्हणून अर्ज केला. तो रस्ते विभागातून वृक्ष विभागात गेला. "सर, नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. विनापरवाना तोड करता येत नाही."

"अरे, बेशरम आहे ते!"

"कायद्यात तसा भेदभाव नाही. शिवाय माझी वसुंधरा अभियानात हिरवळ मोजतात. यंदा तुमच्या गल्लीची हिरवळ वाढलेली आहे."

शेजारचे वकीलसाहेब मात्र खड्ड्याकडं कौतुकानं पाहू लागले आहेत. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला की खराब रस्त्यांमुळं जखमी होणाऱ्याला इजेप्रमाणे 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई मिळावी. तेव्हापासून मी लंगडताना दिसलो की ते गेटपर्यंत येतात. "सर, नुसतं मुरगळलंय की हाड?" नुसतं मुरगळलंय म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो. "थोडं सांभाळून पडत जा," असं ते परवा म्हणाले आणि नेमकं काय सांभाळायचं ते सांगितलं नाही.

अधूनमधून मान्यवरांचा दौरा निघतो. त्या वेळी रस्ता एका रात्रीत होतो, दुभाजकाला पट्टे येतात आणि गतिरोधक काढून टाकले जातात, कारण मान्यवरांची पाठ आपल्यापेक्षा नाजूक. एकदा ताफा आमच्या गल्लीतून जाणार असं ठरलं. आम्ही रांगोळ्या काढल्या, या वेळी डांबर झाल्यावर. अभियंते रात्री दोनपर्यंत उभे होते. पहाटे कळलं की मार्ग बदलला, हेलिकॉप्टर दुसऱ्या मैदानावर उतरणार. टिप्पर अर्धं काम टाकून तिकडं धावले. चौकापासून पिंपळापर्यंत झालेला तेवढा रस्ता अजून टिकून आहे. तिथं आल्यावर स्कूटर आपोआप वेग घेते आणि पिंपळापाशी आदळते. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून माझं म्हणणं आहे की पुढचं एखादं आमच्या गल्लीत भरवावं, म्हणजे त्या निमित्तानं रस्ता तरी होईल. गल्लीत दोन कवी आहेत. त्यांच्यात बोलणं नाही, म्हणजे परिसंवादाचीही सोय आहे.

मग निवडणूक आली. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांच्या मुदती 2021-22 च्या सुमारास संपल्या आणि मतदान झालं ते थेट 2025 च्या डिसेंबरात. मधली सगळी वर्षं प्रशासक. त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या हाच लोकांचा खोळंबा झाला होता. नगरसेवक दिसला की निदान नाव घेता येतं. उमेदवार पायी आले, कारण गाडी येत नव्हती. प्रत्येकानं खड्ड्याकाठी उभं राहून शब्द दिला : "सर, डांबराची भानगडच नको. सिमेंट रोड करून टाकू. पन्नास वर्षं पाहायचं काम नाही." पन्नास वर्षं पाहायला मी नाही, एवढं गणित त्यांनी केलेलं दिसलं.

सिमेंटचं नाव निघताच बायको घाबरली. आमचं घर झालं तेव्हा दाराला तीन पायऱ्या चढून यावं लागे. पहिल्या डांबरीकरणात खालची पायरी गेली. जुना थर न खरवडता त्यावर दुसरा आला तेव्हा मधली. मार्चच्या रस्त्यानं तिसरी गिळली आणि उंबरा तेवढा उरला. सिमेंट रोड म्हणजे खाली एक थर, वर एक थर, मिळून फूटभर तरी. पहिल्याच पावसात अख्खी गल्ली आमच्या दिवाणखान्यात. गल्लीची बैठक बसली. कुणी म्हणालं, दाराशी भिंत घाला. कुणी म्हणालं, मोटर लावा. वकीलसाहेब म्हणाले, पाणी घरात येऊ द्या, मग बघू.

शेवटी एक मिस्त्री सापडला. तो घरं उचलतो. भिंतीखाली पाया फोडून शेकडो जॅक लावायचे, सगळे एकदम थोडे थोडे फिरवायचे आणि घर सामानासकट वर. खाली नव्यानं विटा. हे खरंच होतं, त्यानं मोबाईलमध्ये व्हिडिओ दाखवले. एका घरात तर खालून जॅक फिरत असताना वर बाई पोळ्या लाटत होती. त्यानं आमच्या घराभोवती फेरी मारली, टेप काढला आणि सवयीनं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"किती उचलायचं, काकाजी? दोन फूट?"

मी हिशेब करू लागलो. सिमेंटचा एक फूट, त्यावर कधीतरी डांबर येणारच, त्यावर पुन्हा मार्च.

आतून बायको म्हणाली, "त्यांना म्हणावं चार फूट उचला. रोज रोज कोण घर उचलत बसेल!"